रेघ पॉलिशची की लाकडाची?



गायनवृंदासाठी जुनी इलेक्ट्रिक गिटार घ्यावी की नाही, यावर गेले काही रविवार मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामात बरीच चर्चा चालली आहे. आम्हा स्वयंसेवकांचे मत असे: गिटार जुनी आहे म्हणून नाकारू नये. आपल्याच माणसाची आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नये. आणि तिच्यावर तडे दिसतात एवढ्यावरून तिचा भाव तर मुळीच पाडू नये. आधी तडा कशाचा आहे ते बघावे.

जिच्यावरून हे सारे सुरू झाले ती गिटार गिब्सन कंपनीची एसजी आहे, १९६० च्या दशकाच्या अखेरची. आपल्या एका काकूंचे यजमान बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ती परदेशातून आणली. ते प्रभूकडे गेल्यापासून ती पेटीतच होती. आता नातीच्या नर्सिंगच्या फीसाठी काकूंना ती विकायची आहे. पेटी उघडली तेव्हा अंगभर बारीक रेघांचे जाळे दिसले, आणि कोणीतरी लगेच म्हणाले, “ही तर फुटलेली आहे, निम्म्या पैशातसुद्धा महागच.” काकू काही बोलल्या नाहीत. त्यांना गिटारीतले काय कळणार?

म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

त्या काळच्या गिब्सन गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पातळ पॉलिश असे. वर्षे जातात तसे ते वाळून ठिसूळ होते. लाकूड मात्र थांबत नाही; पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. थंडीतून एकदम उबेत आणले तर आणखी ताण पडतो. पॉलिशला त्याच्याबरोबर हलता येत नाही, मग ते तडकते. या रेघा केसासारख्या बारीक, पुष्कळ आणि जवळजवळ असतात, आणि बहुतेक वेळा लाकडाच्या शिरेला जुमानत नाहीत, आडव्यासुद्धा जातात. टॉर्च तिरपी धरली तर त्या स्पष्ट दिसतात, नख फिरवले तर जेमतेम लागतात. असे जाळे म्हणजे वय. कित्येक शौकीन तर ते बघूनच खूश होतात, कारण खरे जुने पॉलिश असल्याची ती एक खूण आहे. फेंडर कंपनीने १९६८ च्या सुमारास जाड पॉलिस्टर वापरायला सुरुवात केली. त्या गिटारींवर मान जिथे बॉडीत बसते त्या खाचेच्या कोपऱ्यातून रेघ निघालेली दिसते, तीही बऱ्याचदा पॉलिशपुरतीच असते. चार स्क्रू काढून मान वेगळी केली आणि खाचेतले उघडे लाकूड पाहिले की शंका फिटते. प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पिकगार्ड किंवा जॅकची पट्टी तडकली असेल तर त्यावर वेळ घालवू नये. ते बदलता येते.

खरी भीती असते ती हेडस्टॉकची, म्हणजे खुंट्या असलेल्या वरच्या भागाची. गिब्सनचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो, पूर्वी १७ अंश, मधली काही वर्षे १४. मान महोगनीची. हेडस्टॉक तिच्यातूनच तिरपा कापून काढलेला, त्यामुळे लाकडाच्या शिरा तिथे आखूड पडतात. त्यातच मानेतल्या सळईचा नट फिरवण्यासाठी नेमक्या त्याच ठिकाणी लाकूड कोरून काढलेले असते. सहा तारा मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोचा ताण अखंड लावतात. अशी गिटार स्टँडवरून पाठीवर पडली, किंवा पेटीत असतानाच पडली, तरी तिथे तडा जातो. १९७० च्या सुमारास कंपनीने मानेच्या मागे त्या जागी लाकडाचा एक उंचवटा ठेवायला सुरुवात केली, काही वर्षांनी तो काढूनही टाकला. काकूंच्या गिटारीला तो नाही.

तिथली रेघ लाकडाची असेल तर ती शिरेच्या बाजूने तिरपी जाते, आणि मानेच्या एका कडेला दिसलेली रेघ दुसऱ्या कडेलाही सापडते. एकाने तारा सैल करून हेडस्टॉकवर अगदी हलका दाब द्यावा, दुसऱ्याने भिंगातून फक्त रेघेकडे बघावे. रेघ उघडते-मिटते का, एवढाच प्रश्न. सूर उतरला म्हणून घाबरू नये, दाबले की धडधाकट मानही थोडी वाकते. नोटा तपासायची जांभळी टॉर्च असेल तर खोली अंधारी करून तीही मारावी. जुने लॅकर हिरवट-पिवळसर चमकते. नंतर फवारलेला पट्टा सहसा वेगळा उठून दिसतो.

आता शास्त्राकडे येऊ. लेवीयच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर चट्टा दिसला तर काय करायचे ते दिले आहे. मिस्सात हा भाग क्वचितच वाचला जातो, घरीही आपण तो भराभर उलटतो. पण बघा, याजक आत जाण्याआधी घर रिकामे करायला सांगतो, म्हणजे निकाल वाईट लागला तरी घरच्यांचे बाकी सामान वाचते. मग चट्टा भिंतीत खोल गेला आहे की वरवरचा, हे तो पाहतो. पहिल्या दिवशी तो निकाल देत नाही. घर सात दिवस बंद ठेवतो आणि पुन्हा येतो. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून नवे बसवतात, गिलावा खरवडून नवा करतात. तरीही तो परत उठला तरच घर पाडायचे. आणि नव्या गिलाव्यानंतर तो पसरला नसेल, तर याजकाने ते घर शुद्ध ठरवायचे असते.

आम्ही हीच रीत धरली. तारा सुरात चढवल्या, रेघेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढले आणि सात दिवस गिटार तशीच ठेवली. (खुणेसाठी चिकटपट्टी लावू नका, जुने लॅकर तिच्याबरोबर उपटून येते.) आठव्या दिवशी पुन्हा पाहिले.

अंगावरचे जाळे केवळ पॉलिशचे निघाले. हेडस्टॉकच्या मागे मात्र एक तिरपी रेघ होती, दोन्ही कडांना भिडलेली, आणि जांभळ्या प्रकाशात तिच्याभोवतीचा पट्टा काळपट दिसला. म्हणजे मान कधीतरी मोडली होती आणि कोणीतरी नीट जोडून वर रंग दिला होता. सात दिवसांत ती रेघ केसभरही हलली नाही. सरसाने किंवा सुताराच्या चांगल्या गोंदाने घट्ट दाबून जोडलेला सांधा लाकडाइतकाच टिकतो. मिरजेचे तंबोरे-सतारी घडवणारे कारागीर लाकूड जोडण्यावरच पिढ्यान्‌पिढ्या जगले आहेत, त्यांना विचारा. बाजार मात्र अशा गिटारीची किंमत साधारण निम्मी धरतो.

हे काकूंना सांगावे लागले. “ह्यांनी कधी बोलून दाखवलं नाही हो,” एवढेच त्या म्हणाल्या. काकांनी लपवले की त्यांनाच तशी मिळाली, ते आता कोण सांगणार? पातळ भिंतीवर चुना फासणाऱ्यांविषयी यहेज्केलच्या तेराव्या अध्यायात कठोर शब्द आहेत, पण ते जाणूनबुजून फसवणाऱ्यांना आहेत. घरात मिळालेली वस्तू निर्मळ मनाने विकायला काढणाऱ्या बाईला ते लावू नयेत.

उलट आपण सर्वांनी नीतिसूत्रे २०:१४ उघडून पाहावे. तिथे बोट विकणाऱ्याकडे नाही, घेणाऱ्याकडे आहे: दुकानात वस्तूला नावे ठेवायची आणि घरी जाऊन स्वस्तात पटकावल्याची फुशारकी मारायची. समितीतले एक बंधू प्रामाणिकपणे म्हणतात, की पैसा देवळाचा आहे, वाचला तर गरिबांच्याच कामी येईल. त्यांच्या हेतूवर आमचा संशय नाही. पण हा पैसा वाचणार कोणाच्या घरातून? विधवांची घरे गिळणाऱ्यांविषयी प्रभू मार्क १२ मध्ये बोलतो, आणि लगेच पुढे विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट येते. त्या नाण्यांवर आपण दरवर्षी प्रवचन ऐकतो, आधीच्या ओळींवर फारसे नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. जोडलेल्या मानेच्या, पण मूळ पॉलिश शाबूत असलेल्या एसजीला जो भाव बाहेर मिळेल तोच काकूंना द्यावा. निष्कलंक गिटारीचा नको, कारण ते खोटे होईल, आणि ‘फुटलेल्या’ गिटारीचाही नको, कारण तेही खोटेच. बाहेर त्यांना जास्त देणारा कोणी भेटला तर आपणच पत्ता द्यावा आणि गायनवृंदासाठी साधी नवी गिटार बघावी. फादरांनी यावर अजून निर्णय दिलेला नाही.

व्यवहार झाला तर देवळाच्या वस्तूंच्या वहीत त्या तिरप्या रेघेची नोंद फोटोसह करावी, म्हणजे वीस वर्षांनी कोणी ही गिटार विकायला काढली तर घेणाऱ्याला आधीच कळेल. आणि गायनवृंदातल्या मुलांनो, वाजवून झाल्यावर ती भिंतीला टेकवून ठेवू नका, पेटीत ठेवा.