पाळी आली म्हणजे पोर ‘शहाणी’ होत नाही

आमच्याकडे मुलीला पहिली पाळी आली की ‘शहाणी झाली’ म्हणतात. मला या शब्दाचा राग आहे. कारण त्याच्या पुढचं वाक्य ठरलेलं असतं: आता स्थळं बघा.

मी बीड जिल्ह्यातला, नारायणगडाच्या परिसरातला. इंजिनिअरिंग करून आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. गडाला आमच्याकडे धाकटी पंढरी म्हणतात. याच जिल्ह्यात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २० ते २४ वयाच्या दर शंभर बायकांपैकी चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्याला निघतात. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापाची काळजी खोटी नाही. शिवाय कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न झालं की मुकादमाकडून जोडीची उचल मिळते. पण भीतीचं आणि पैशाचं हे गणित निसर्गाच्या नावावर खपवलं जातं, त्याला माझा विरोध आहे.

निसर्ग काय सांगतो ते बघा. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला जागं करतो. ती मुलींच्या बीजांडकोशांना आणि मुलांच्या वृषणांना कामाला लावते. मुलींमध्ये हे साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतं. आधी छाती वाढू लागते, उंची झपाट्याने वाढते, आणि पाळी येते ती साधारण दोन-अडीच वर्षांनी. सुरुवातीची एक-दोन वर्षं बऱ्याचदा पाळी अनियमित असते, कारण दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. कमरेची हाडं त्यानंतरही काही वर्षं वाढत राहतात. म्हणजे पाळी ही मधली पायरी. अर्धवट काम ‘पूर्ण’ म्हणून पुढे ढकललं तर आमच्या ऑफिसात कुणी खपवून घेत नाही. इथे त्यावर वऱ्हाड निघतं.

आणि मुलांचं? तेच संदेश, फक्त सुरुवात थोडी उशिरा, साधारण ९ ते १४ मध्ये. वृषणं मोठी होतात, मग उंची वाढते, आवाज फुटतो, मिसरूड येतं. झोपेत वीर्य जातं, तो आजार नाही. काहींची छाती थोडी फुगते, तीही बहुतेक वेळा आपोआप बसते. हे कुणी सांगत नाही, म्हणून पोरं ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींच्या आणि मोबाईलमधल्या क्लिपांच्या नादी लागतात. पण आवाज फुटला म्हणून तेरा वर्षांच्या पोराला कुणी बोहल्यावर चढवत नाही.

‘शाळेत हे शिकवलं तर पोरं बिघडतील’ ही ओरड जुनी आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले. ऐंशी वर्षांनी, २००७ साली, महाराष्ट्राने शाळेतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. त्याने पोरं सुधारली का? बालविवाहाचे आकडे वर दिलेत.

याचं पुढचं टोकही आमच्याच जिल्ह्यात आहे. तीन वर्षांत बीडमध्ये ४,६०५ गर्भाशयं काढल्याचं २०१९ साली विधिमंडळात सांगितलं गेलं. त्यात ऊसतोड करणाऱ्या बायका होत्या. पाळीत काम बुडलं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. ज्या पाळीवरून पोरीला लग्नालायक ठरवलं, तीच पाळी पुढे फडात अडचण ठरते. दोन्ही वेळा तिच्या शरीराचा निर्णय दुसरेच घेतात.

म्हणून पाचवीपासून, पहिली पाळी यायच्या आधी, मुलं-मुली दोघांनाही हे वर्गात शिकवा. हंगामी वसतिगृहं मुलींसाठी सुरक्षित आणि पुरेशी करा, म्हणजे ‘पोर कुठं ठेवायची’ला लग्नाखेरीज दुसरं उत्तर असेल. आणि तुमच्या घरात दहा-अकरा वर्षांचं भावंड असेल, तर शाळेची वाट बघू नका. सांगायला दहा मिनिटं लागतात.