फाटक एकच असावं

परवा न्यूजर्सीतल्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. हिरवळीत एक दगड, त्यावर आनंदीबाई जोशींचं नाव. लगेच अंगठे, हात जोडलेली चित्रं, "गर्व आहे" वगैरे सुरू झालं. मीही अंगठा दिला. पण रात्री झोप येईना, म्हणून हे लिहायला बसलोय.

आनंदीबाईंची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे (२०१९ च्या सिनेमानंतर तर न पाहिलेल्यांनाही). १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. पुढचं मात्र कुणी फारसं सांगत नाही. त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर बाईंकडे पाठवली. आनंदीबाई ज्यांना मावशी मानायच्या, त्याच या. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी, आपल्या घरच्या माणसांसाठी घेतलेल्या जागेत पुरली.

आता ही जागा कसली, ते ऐका. पकीप्सी रूरल सेमेटरी. हडसन नदीच्या काठी, १८५० च्या दशकात सुरू झालेली. कुठल्याच चर्चची नाही, कुठल्याच पंथाची नाही. तिथे मॅथ्यू वासर आहेत, ज्यांनी बिअर विकून कमावलेल्या पैशातून १८६१ मध्ये मुलींसाठी कॉलेज काढलं. खोकल्याच्या गोळ्यांवर ज्यांच्या दाढ्या छापलेल्या असायच्या ते स्मिथ बंधूही तिथलेच. आणि त्यांच्या शेजारी क्षयाने गेलेली आपली कल्याणची मुलगी. काय योग असतो एकेक!

हेही लक्षात घ्या की कोल्हापूरला राहिलेल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याने गोपाळरावांना सुचवलं होतं, ख्रिस्ती व्हा, मग मदतीचं बघू. जोशी नवराबायको नाही म्हणाले. १८८३ मध्ये निघण्याआधी श्रीरामपूरच्या भाषणात (हे बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नगरचं नव्हे) आनंदीबाईंनी सांगितलं होतं, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तरी ख्रिस्ती कुटुंबाच्या जागेत त्यांना जागा मिळाली. धर्म बदला, असं कुणी त्या रक्षेला म्हणालं नाही.

आणि आपण?

पारशिवनी तालुक्यातल्या माझ्या गावी मयतीला गेलात तर आधी विचारावं लागतं, कोणत्या घाटावर? एकाला शेड आहे, टिन आहे, बसायला ओटा आहे. दुसऱ्याला नाल्यापलीकडची मोकळी जागा. मागच्या पावसाळ्यात त्या दुसऱ्या घाटावर आम्ही ताडपत्री धरून उभे होतो, लाकडं भिजलेली, रॉकेल मिळेना. शेडचा घाट तिथून चार-पाचशे पावलांवर, रिकामा. "तिकडं नेऊ का?" असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही म्हणालो. ते टोचतंय अजून.

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात विहीर, नदी, रस्ता यांच्याबरोबर स्मशानाचंही नाव आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने तिथे कुणाला अडवणं गुन्हा आहे. पण आमच्याकडे अडवत कुणीच नाही हो, सगळे आपापसात समजून घेतात! आणि सरकारी पैशातून समाजावार वेगवेगळी शेड मागितली जातात, मंजूरही होतात. दादा, तुम्ही हे वाचत असाल, तर फोनवर जे म्हणालात त्याचं उत्तर देतो. "ज्याच्या त्याच्या रीती वेगळ्या." मान्य. लिंगायत पुरतात, महानुभाव पुरतात, गोंडांमध्ये पुरायची चाल आहे, आपण जाळतो. मग एका आवारात चार कोपरे करा ना. पकीप्सीत तरी काय आहे? प्रत्येक घराची जागा वेगळी, फाटक एक.

अमेरिकेचं कौतुक करतोय असं समजू नका. गोऱ्यांच्या कितीतरी दफनभूमींत काळ्या माणसांना जागा नव्हती. १९५१ मध्ये आयोवात जॉन राइस नावाच्या सैनिकाचं दफन मध्येच थांबवलं, कारण तो मूळ अमेरिकन जमातीचा होता. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्याला आर्लिंग्टनला जागा दिली. लाज वाटून का होईना, कुणीतरी हललं.

आता पुन्हा त्या फोटोकडे येतो. मोठा करून पाहिला. दगडावर इंग्रजीत कोरलंय, शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री. ब्राह्मण! समुद्र ओलांडून, रक्षा होऊन गेली तरी जात मागोमाग गेली आणि कोरली गेली. कोरणाऱ्यांनी कौतुकानेच कोरलं असणार, आणि ग्रुपवरही नेमक्या त्याच ओळीवर सगळ्यात जास्त अंगठे पडलेत. मोजून पाहा.

असो. पुढच्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहून ठेवलाय, की गावात यापुढे एकच स्मशानभूमी, एकच शेड, आणि नाल्यावर रपटा. माझी एकट्याची सही झालीये. ग्रुपवरच्या ज्यांची नावं अजून गावच्या मतदार यादीत आहेत, त्यांनी मला फोन करावा.