भाजीच्या वाफ्यातले फूल

भूमध्य सागराच्या परिसरातली आणि पुढे इंग्लंड-फ्रान्सच्या परसबागांत मुळांसाठी शतकानुशतके लावली गेलेली साल्सिफाय ही सूर्यफुलाच्या कुळातील द्विवर्षायू वनस्पती आज तेथील भाजीबाजारातून जवळजवळ बेदखल झाली आहे, याचा मला मनस्वी खेद वाटतो. काळ्या सालीच्या स्कोर्झोनेरा या मूळभाजीने तिची जागा घेतली. बाजाराचा हा निवाडा बाजारापुरता ठीक. परंतु ज्याच्या मालकीची चार हात जमीन आहे, त्याने तो शिरोधार्य का मानावा?

वसंतात खडे वेचलेल्या, खोल भुसभुशीत मातीत ताजे बी पेरावे, कडाक्याची थंडी पडू लागली की लांबट पांढुरकी मुळे खणून काढावीत, सोलताच ती काळवंडतात म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकावीत आणि शिजवून लोण्यावर परतावीत. त्यांची चव कित्येकांना कालवांसारखी वाटत आली आहे. मात्र सगळा वाफा रिकामा करण्याचा लोभ आवरावा, कारण राखून ठेवलेल्या रोपांना दुसऱ्या वर्षी आधी कोवळे, खाण्याजोगे कोंब फुटतात आणि मग, प्रभाती उमलून मध्यान्हाच्या सुमारास मिटणारी, अणकुचीदार हिरव्या छदांनी वेढलेली जांभळी फुले येतात, ज्यांच्यामागून येणारे तंतुमय बीजगोल तर माझ्या मते फुलांहूनही देखणे असतात.

हे बी वाऱ्यावर दूर जाते, एवढी खबरदारी मात्र घ्यावी. अमेरिकेच्या वायव्येस मोकळ्या सुटलेल्या साल्सिफायचा तिच्याच प्रजातीतील दुसऱ्या वनस्पतीशी संकर होऊन एक सर्वस्वी नवी जाती निपजली, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मॅरियन ओनबी यांनी १९५० साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.