नदीचा देखावा आणि नदीचे धनी

परदेशी सहलींच्या माहितीपत्रकांत अलीकडे एक चित्र हमखास आढळते. शांत पाणी, दोन्ही तीरांवर हिरवेगार कडे आणि मधोमध वल्हे मारणारा एकटा प्रवासी. या चित्रात पाहुणा असतो, यजमान मात्र नसतो. नदीकाठी कोणी राहतही असेल, ही शंका पाहणाऱ्याच्या मनाला शिवू नये, अशीच त्याची रचना असते. हा दोष निव्वळ छायाचित्रकाराचा नव्हे. त्यामागे शतकाहून जुनी दृष्टी आहे, आणि न्यूझीलंडच्या वांगानुई नदीइतके तिचे स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

टोंगारिरो पर्वतावर उगम पावणारी ही नदी सुमारे 290 किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. तौमारुनुई ते पिपिरिकी हा 145 किलोमीटरचा जलमार्ग कयाक किंवा कनूतून पाच दिवसांत पार करता येतो. सरकारने त्याची गणना देशातील ‘महान पदयात्रां’त केली आहे, वास्तविक येथे पायांना फारसे काम नाही! अरण्याचे सौंदर्य अलौकिक आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु हे सौंदर्य जगापुढे आले ते कोणत्या किमतीने? 1892 च्या सुमारास येथे प्रवासी आगबोटींची नियमित वाहतूक सुरू झाली आणि ‘न्यूझीलंडची ऱ्हाईन’ या नावाने नदीची ख्याती पसरली. आगबोटीला खोल व मोकळा प्रवाह हवा. माओरींनी वाम मासे धरण्यासाठी पात्रात पिढ्यानपिढ्या राखलेले लाकडी खुंटांचे बांध तिच्या वाटेत येत होते. ते उखडले गेले. ज्यांच्या ताटातले अन्न गेले त्यांनी तक्रारी केल्या. देखावा पाहावयास आलेल्यांना त्यांची दाद असण्याचे कारण नव्हते. पुढे 1903 साली निसर्गशोभेच्या रक्षणाचा कायदा झाला आणि त्याच्या आधारे नदीकाठच्या माओरींच्या जमिनीही घेण्यात आल्या. जे तीर त्यांनी शतकानुशतके सांभाळले, त्यांचे रक्षण करावयाचे ते त्यांनाच दूर सारून, असा हा न्याय!

नदीपात्र कोणाचे, हा वाद माओरींनी 1938 साली न्यायालयात नेला. तो 1962 पर्यंत चालला आणि निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. त्यानंतरच्या दशकात वीजनिर्मितीसाठी नदीच्या वरच्या अंगाचे पाणी दुसरीकडे वळविण्यात आले. 1986 साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्यात काठचे अरण्य आले, नदी नाही. 1993 साली मात्र टिएके या जुन्या वस्तीच्या जागी माओरी कुटुंबे परतली. तेथे प्रवाशांसाठी सरकारी झोपडी होती. आज ती झोपडी आहे आणि माओरींचे सभास्थानही आहे. वल्हे टाकून वर चढणाऱ्या प्रवाशाचे तेथे रीतीप्रमाणे स्वागत होते आणि त्यालाही त्या घराची रीत पाळावी लागते. पाच दिवसांच्या सहलीत प्रवाशाला आपण पाहुणे आहोत याची जाणीव होण्याची ही मोलाची जागा आहे.

मार्च 2017 मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने या नदीला, पर्वतापासून समुद्रापर्यंतच्या तिच्या अखंड स्वरूपात, कायद्याने ‘व्यक्ती’ मानले. तिच्या वतीने बोलण्यासाठी दोघांची नियुक्ती होते. एक सरकारच्या बाजूने, दुसरा माओरींच्या. याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांना व्यक्तित्व बहाल केले. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. या दोन घटनांत मोठा फरक आहे. गंगेला व्यक्तित्व मिळाले ते एका निकालपत्राने. वांगानुईला मिळाले ते काठच्या लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर, तडजोड आणि नुकसानभरपाई यांसह.

तरीही त्या कायद्याचा गौरव करताना एक गोष्ट विसरता कामा नये. पूर्वीपासूनचे परवाने व हक्क त्याने अबाधित ठेवले. वळविलेले पाणी म्हणूनच कायद्याच्या एका फटकाऱ्याने परत आले नाही. आपल्या पाण्यावर ज्या व्यक्तीचा पुरता ताबा नाही, तिचे व्यक्तित्व अपुरेच म्हणावे लागेल.

पर्यटन बंद करावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. आज अनेक माओरी या सहलींवर आपली उपजीविका करतात, आणि आगबोटीपेक्षा वल्ह्याची होडी नदीला कितीतरी कमी जाचक आहे. तिला पात्र खणावे लागत नाही. आहे त्या पाण्यातूनच ती वाट काढते. उन्हाळ्यात प्रवाह रोडावला की उथळ खळाळांवर तिचा तळ गोट्यांना घासतो. त्या वेळी वरचे पाणी कोठे गेले, असे प्रवाशाने टिएकेच्या यजमानांना अवश्य विचारावे. माहितीपत्रकात त्याचे उत्तर छापलेले नसते.