‘सुबोध’ या शेऱ्यापलीकडे

शास्त्रज्ञाने सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या गद्याला ‘सुबोध’ एवढे एकच विशेषण देऊन निरोप द्यावयाचा, ही आपल्या समीक्षेची रीत झाली आहे. विज्ञानकथेला आपण वाङ्मयप्रकार मानले, कारण तिच्यात ‘कथा’ होती. तोच लेखक कल्पित बाजूला ठेवून विश्वरचना समजावू लागला, की त्याचे लेखन ‘माहितीपर’ ठरते.

आशय वेधशाळेत सिद्ध होतो, भाषा तो केवळ वाहून आणते, असे गृहीत या भेदामागे आहे. ते टिकणारे नाही. गॅलिलिओने १६३२ चा आपला ‘संवाद’ लॅटिनऐवजी इटालियनमध्ये लिहिला. त्यात साल्व्हियाती कोपर्निकसची बाजू मांडतो, सिंप्लिचिओ ॲरिस्टॉटलची. साग्रेदो हा जाणता नागरिक दोघांना पारखतो. वाचकाला साग्रेदोच्या जागी बसविणे हा तेथे युक्तिवादाचाच भाग आहे. डार्विनने १८५९ मध्ये पाळीव कबुतरांपासून आरंभ करून ‘निवड’ हे रूपक उभारले आणि निवडणारा कोणी नाही हे सांगताना त्याला त्याच रूपकाशी झगडावे लागले. जिलियन बीअर यांनी १९८३ मध्ये डार्विनचे गद्य या अंगाने वाचले, तेव्हा तो समीक्षेचाच व्यवहार होता.

मराठीत जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ १९९८ मध्ये आले. महास्फोट सिद्धांताला पर्याय म्हणून हॉइल व बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये वेगळे प्रतिमान मांडणारा हा लेखक. पडताळ्याचे साधन नसलेल्या वाचकापुढे असा लेखक बहुमान्य मत आणि स्वतःचा मतभेद यांची मांडणी कशी करतो? निवेदकाच्या विश्वासार्हतेचा हा प्रश्न आपण कादंबरीला हटकून विचारतो. येथे मात्र आदराने गप्प बसतो. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, २०२५ मध्ये त्यांच्या निधनानंतर आदरांजलीही वाहिली गेली. पण गौरव म्हणजे वाचन नव्हे.

विज्ञान पुढे गेले की असे ग्रंथ कालबाह्य होतात, हा आक्षेप जुनाच आहे. गॅलिलिओचा भरती-ओहोटीविषयीचा युक्तिवाद चुकीचा ठरला; त्याच्या ‘संवादा’चे वाचन त्यामुळे थांबले नाही.

या लेखनाला दाद नको आहे, कसोटी हवी आहे. उपमान कोठे उजळते आणि कोठे फसवते, हे सांगता येत नसेल, तर चांगले विज्ञानगद्य आणि भोंदू विज्ञानगद्य यांतील फरकही आपल्याला सांगता येणार नाही. वाचक या दोन्हींच्या मध्ये एकटाच उभा आहे.