औषध घ्या, पण गावात फूट घेऊ नका



पावसाळा सरला, रस्ते सुकले की आपल्या डोंगरात मिशनच्या डॉक्टरांचे कॅम्प सुरू होतात. दोन जीपगाड्या येतात. शाळेच्या पडवीत टेबल मांडतात, तीन दिवस लोकांना तपासतात, गोळ्या देतात, म्हाताऱ्यांना चष्मे देतात. संध्याकाळी प्रार्थना होते. चौथ्या दिवशी गाड्या परत. मागे गावात भांडण उरतं. एक म्हणतो, देवमाणसं आहेत. दुसरा म्हणतो, आपल्याला बाटवायला येतात. यंदा एका गावात तर ही गोष्ट वनहक्काच्या ग्रामसभेपर्यंत गेली. जे प्रार्थनेला बसले त्यांचे दावे पुढे पाठवायचे नाहीत, असं काही जण उघड बोलले. म्हणून हे लिहिते आहे.

आधी औषधाचं बोलू. ज्याचं पोर तापानं फणफणलंय त्यानं डॉक्टरचा धर्म विचारत बसायचं का? औषध घेण्यात काही पाप नाही. मिशनवाल्यांनी आजाऱ्यांची सेवा केली हेही खरं आहे. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला मिशनचं हॉस्पिटल कित्येक वर्षं चालू आहे. पण ते तिथे राहून चालवतात. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे १९७३ सालापासून जंगलात राहिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवलं, त्या घरोघर जाऊन नवीन जन्मलेल्या बाळांची काळजी घेऊ लागल्या आणि बाळं दगावायची कमी झाली. धर्म कुठला ते सोडा, ही सगळी माणसं राहिली. तीन दिवसांच्या कॅम्पात आणि यांच्यात फरक आहे तो एवढाच, आणि तोच मोठा आहे.

तीन दिवसांत काय बरं होतं? खरूज, जंत, अंगदुखी. टीबीचं औषध निदान सहा महिने घ्यावं लागतं. मधेच सोडलं तर आजार पुन्हा उठतो आणि मग साध्या औषधाला ऐकत नाही. सिकलसेल जन्मभर सोबत असतो. मलेरिया पावसात येतो, तेव्हा जीप घाट चढत नाही, कॅम्पही येत नाही. बाळंतपण तर कुणाची तारीख बघून येत नाही. रात्री बाईला झोळीत घालून कोसभर चालावं लागतं, त्या वेळी ना मिशन असतं ना सरकार.

म्हणून पुढच्या वेळी कॅम्प आला तर गावानं चार गोष्टी सांगाव्यात. डॉक्टरनं आपला नोंदणी नंबर दाखवावा. परदेशी डॉक्टर असेल तर त्यालाही इथे तपासायला मेडिकल कौन्सिलची परवानगी लागते. प्रत्येकाला आजार आणि औषध लिहिलेला मराठी कागद द्यावा. टीबी किंवा सिकलसेलचा संशय असेल तर त्या माणसाला चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात पाठवावं. आणि औषध वेगळं, प्रार्थना वेगळी. प्रार्थनेला बसला तरच गोळी, असं चालणार नाही. चांगल्या मनानं आलेल्या माणसाला यात राग येण्यासारखं काही नाही.

आता धर्माचं. कुणी कुठल्या देवाला मानावं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. घटनेच्या २५ व्या कलमानं तो हक्क दिला आहे. कुणी वाघदेवाला मानेल, कुणी येशूला. पण धर्म बदलला की आदिवासीपण जातं आणि नेवाडाची जमीन जाते, ही अफवा आहे. १९५० सालच्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. वनहक्काच्या दाव्याच्या फॉर्मात धर्माचा रकानाच नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसता का, हे तिथे बघतात.

आणि हिशोब करा. १ जानेवारी २००८ ला आलेल्या नियमांत दावे मंजूर करायला ग्रामसभेत दोन तृतीयांश माणूस लागत होता, २०१२ च्या दुरुस्तीनंतर निदान निम्मा लागतो. प्रार्थनावाली घरं रुसून बसली तर कोरम कुठून आणणार? सगळ्यांचेच दावे पडून राहतील. फॉरेस्टवाल्यांना तेच पाहिजे. शेजारच्या डांगात १९९८ च्या नाताळात प्रार्थनाघरं जाळली, तोडली. आदिवासी आदिवासीच्या अंगावर गेला. त्यातून किती जणांच्या नावावर सातबारा झाला?

मिशनवर भांडताना आपण एक प्रश्न विचारायचाच विसरतो. आपलं उपकेंद्र कुठे आहे? सरकारचाच नियम आहे की डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र पाहिजे. आपल्याकडे कुठे इमारत नाही, कुठे इमारतीला कुलूप आहे, कुठे नर्सबाईची जागाच रिकामी आहे. कॅम्पाला गर्दी होते ती या कुलपामुळे. येशूच्या ओढीनं कुणी रांगेत उभा राहत नाही.

विचारायला गेलं तर साहेब म्हणतात, जमीन फॉरेस्टची आहे, बांधता येत नाही. साथींनो, हे खोटं आहे. आपण ज्या वनहक्क कायद्यासाठी लढलो, त्यातच कलम ३(२) आहे. सरकारी दवाखाना, शाळा, अंगणवाडी यासाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे, एवढ्याच अटी. म्हणजे दवाखान्याची किल्ली आपल्या ग्रामसभेच्या हातात आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत दाव्यांच्या ठरावाबरोबर उपकेंद्राचा ठरावही घ्या. जागा दाखवा, झाडं मोजा, गट नंबर लिहा, सगळ्या घरांच्या सह्या-अंगठे घ्या. प्रार्थनेला जाणाऱ्यांचे आणि बडव्याकडे जाणाऱ्यांचे अंगठे एकाच कागदावर पाहिजेत. एक प्रत प्रांत साहेबांना, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. पोच घ्यायला विसरू नका. तिसरी प्रत संघटनेकडे पाठवा, मोर्चाच्या मागण्यांत ती घालू.

जमीन आपल्या हक्काची, दवाखानाही आपल्या हक्काचा!

– संघटनेची एक कार्यकर्ती