गृहीत धरलेली गृहीतके

मराठी विषयातील पीएच.डी.चा कोणताही संशोधन आराखडा उघडावा. तिसऱ्या-चौथ्या पानावर 'संशोधनाची गृहीतके' हे शीर्षक भेटते आणि त्याखाली साधारण अशी वाक्ये: 'अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांत ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण आढळते.' 'तमुक कवयित्रीच्या कवितेतून स्त्रीमनाची स्पंदने प्रकट होतात.' चार-पाच वर्षांनी हीच वाक्ये शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष म्हणून परत येतात. त्यांच्यापुढे 'असे सिद्ध होते' एवढे जोडलेले असते. मौखिकीत बहिःस्थ परीक्षक समाधान व्यक्त करतात, पेढे वाटले जातात. 'माझे गृहीतक चुकीचे ठरले' असे म्हणणारा मराठीतील प्रबंध निदान माझ्या पाहण्यात नाही.

याला आपण 'शास्त्रीय पद्धत' म्हणतो. माझे म्हणणे असे, की या विधीचा शास्त्राशी काही संबंध नाही. ज्या विधानाच्या विरुद्ध काय सापडू शकेल हे सांगताच येत नाही, ते गृहीतक नव्हे. ते नुसते गृहीत धरणे होय. कार्ल पॉपर यांनी १९३४ साली नेमक्या याच निकषावर भर दिला होता: सिद्धान्ताची प्रतिष्ठा त्याला मिळालेल्या दुजोऱ्यांच्या संख्येत नसते, तो खोटा ठरण्याचा धोका पत्करतो की नाही, यात असते.

हा धोका म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातील निरीक्षण-गृहीतक-प्रयोग-निष्कर्ष या चार पायऱ्यांवरून कळत नाही. त्यासाठी केप्लरकडे जावे. १६०० साली तो प्रागला टायको ब्राहेकडे आला आणि मंगळाची कक्षा शोधण्याचे काम त्याच्याकडे आले. पुढल्याच वर्षी टायको वारला. मागे राहिल्या त्याच्या अनेक वर्षांच्या काटेकोर नोंदी. ग्रहांच्या गती वर्तुळांतूनच समजून घ्यायच्या, ही धारणा दोन हजार वर्षांची. तिच्या आधारे केप्लरने कक्षा बसवली, कंटाळवाणी आकडेमोड कितीतरी वेळा पुन्हापुन्हा केली, आणि निवडक नोंदींशी ती दोन कलांच्या आत जुळली. आपल्यापैकी कोणीही इथे प्रबंध बांधायला टाकला असता. केप्लरने मात्र ती इतर नोंदींवरही तपासली. तिथे आठ कलांची चूक निघाली. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. तेवढ्यासाठी त्याने स्वतःची सगळी मेहनत बाजूला ठेवली. टायकोच्या नोंदीत एवढी चूक असू शकत नाही, तेव्हा चूक माझ्या कल्पनेतच आहे, हा त्याचा न्याय. अखेर वर्तुळ गेले, लंबवर्तुळ आले. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात फसलेल्या वाटांची हकीकतही विस्ताराने येते. मंगळावर त्याला कोणताही प्रयोग करता येणार नव्हता, हेही लक्षात घ्यावे. त्याच्याजवळ होती ती सामग्रीला 'नाही' म्हणू देण्याची तयारी.

इथे आपल्या विभागांतून एक ठरलेला आक्षेप येतो: 'विज्ञान हेही अखेर एक कथनच. थॉमस कून यांनी १९६२ सालीच दाखवून दिले की सगळे दृष्टिकोनावर अवलंबून असते.' कून यांनी असे म्हटलेले नाही. वैज्ञानिक समूह जुनी चौकट सहजासहजी सोडत नाही, हे त्यांनी दाखवले. पण सापेक्षतावादाचा आरोप त्यांनी स्वतःच नाकारला आणि अचूकता, सुसंगती, व्याप्ती, साधेपणा, फलदायित्व या कसोट्या पुढे मांडल्या. ज्या कसोट्या आपण कधी वापरल्याच नाहीत, त्या मोडीत निघाल्याचा आनंद आपण का मानावा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कवितेचा अर्थ दुर्बिणीतून दिसत नाही. मान्य. रसग्रहणाला आठ कलांचे माप लावू नये. परंतु संहितेत काय आहे, कोणता पाठ जुना, बायका खरोखर काय गातात, ही विधाने चूक किंवा बरोबर असू शकतात. याचा दाखला पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले; १९२५पासून त्याची धुरा वि. सी. सुकथनकरांकडे आली. केंब्रिजमध्ये गणित शिकलेला हा माणूस. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरांतील हस्तलिखिते जिथे जुळतात तो पाठ ग्राह्य धरायचा, आणि जिथे खात्री कमी तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ द्यायची. आपल्या शंकेची अशी जाहीर खूण आपल्या किती निष्कर्षांखाली आहे? या नियमाने व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची लाडकी कथा मूळ संहितेबाहेर, परिशिष्टात गेली. १९३३ साली आदिपर्व पूर्ण झाले. त्यानंतर नेपाळातील एक जुने हस्तलिखित हाती आले. ते त्यांची संहिता उधळून लावू शकत होते. उलट त्यांनी ठरवलेल्या अनेक पाठांना त्यातून दुजोरा मिळाला. हा दुजोरा मोलाचा आहे, कारण नकारही तितकाच शक्य होता.

आता स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी जात्यावरच्या ओव्या गोळा करत होती. 'ओव्यांतून स्त्रीचे माहेरप्रेम व्यक्त होते' हे गृहीतक मीच सांगितलेले. तिने आणलेल्या वह्यांत माहेर होतेच. पण भावाने नाकारलेली जमीन, बंद झालेले दार, भावजयीचे टोमणे असलेल्या ओव्याही कमी नव्हत्या. 'सर, यांचे काय करू?' तिने विचारले. मी म्हणालो, 'परिशिष्टात टाक.'

सुकथनकरांनी पुराव्यासाठी लाडकी कथा परिशिष्टात नेली. मी लाडक्या कल्पनेसाठी पुरावा नेला. तिला पदवी मिळाली. तिच्या वह्यांतल्या त्या बायकांचे म्हणणे मात्र कोणी ऐकले नाही.

म्हणून एक साधी मागणी आहे. आराखड्यात गृहीतकांखाली आणखी एक रकाना असावा: 'काय सापडल्यास मी हे गृहीतक सोडून देईन?' ज्याला तो भरता येणार नाही, त्याने ते गृहीतक मांडूच नये. आणि ज्या मार्गदर्शकाला तो वाचवणार नाही, त्याने, म्हणजे आधी मी, विद्यार्थी घेऊ नयेत.